सातव्या दिवशी आलेलं पत्रक: गंभीर न्यूमोनिया, स्टेम सेल आणि एका कुटुंबाचा निर्णय

पत्रक चार पानी होतं, गुळगुळीत कागदावर छापलेलं. पहिल्या पानावर गुलाबी फुप्फुसांचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘खराब झालेली फुप्फुसं पुन्हा नवी’. शेवटच्या पानावर आठ जणांचे फोटो आणि प्रत्येकाखाली दोन ओळी: डॉक्टरांनी आशा सोडली होती, आज मी चालतो-फिरतो. रुग्णाच्या थोरल्या भावाने ते माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा घडीवर ते ओलसर झालेलं होतं. रात्रभर ते त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं आणि बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता.

“मॅडम, स्टेम सेलच्या दोन डोसचे सहा लाख म्हणतायत. आज पैसे भरले तर आजच देतील. कलमांची बाग गहाण ठेवायची बोलणी करूनच गावाहून निघालोय. तुम्ही फक्त हो म्हणा.”

मी परळ-लालबाग भागातल्या एका ट्रस्ट रुग्णालयाच्या आयसीयूत काम करते. ही हकीकत कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे. अशी पत्रकं घेऊन येणारे नातेवाईक आता वारंवार भेटतात, आणि त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

रुग्ण

त्यांना मी इथे ताई म्हणते. वय ४७. काळाचौकीला नवऱ्याबरोबर पोळी-भाजी केंद्र चालवतात. सात वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू पण अधूनमधून चुकणाऱ्या; दाखल झाल्या तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ९.८ होता. सोमवारी थंडी वाजून ताप आला आणि उजव्या कुशीत श्वासागणिक कळ यायला लागली. डबे बंद ठेवता येत नाहीत म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून त्या बुधवारपर्यंत ओट्याशी उभ्या होत्या. बुधवारी खोकल्यातून विटकरी रंगाचा बेडका पडला. गुरुवारी रात्री एक वाक्य एका दमात बोलता येईना. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून शेजारच्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. कॅज्युअल्टीत बोटाला मशीन लावलं तेव्हा ऑक्सिजन ८१ होता. ते बोट मला अजून आठवतं: लाटणं फिरवून तळव्याशी पडलेला घट्टा, आणि नखं निळसर.

एक्स-रेमध्ये उजवीकडचा खालचा भाग पांढरा होता. रक्त कल्चरसाठी काढून तासाभरात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं शिरेतून सुरू केली. पुढे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइडही जोडलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत गंभीर न्यूमोनियाच्या ८०० रुग्णांपैकी निम्म्यांना हे जुनं, स्वस्त औषध दिलं होतं. २८ दिवसांत मृत्यूचं प्रमाण ११.९ टक्क्यांऐवजी ६.२ टक्के राहिलं. मधुमेह असल्यामुळे साखर भडकणार हे माहीत होतं, म्हणून इन्सुलिनचा पंप बरोबरच लावला.

शुक्रवारी सकाळी दोन्ही फुप्फुसं पांढरी झाली होती. दुपारी नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं. यंत्रातून ७० टक्के ऑक्सिजन देऊनही धमनीतल्या रक्तात त्याचा दाब जेमतेम ६२. या दोन आकड्यांचा भागाकार (६२ भागिले ०.७), ज्याला आम्ही पीएफ रेशो म्हणतो, ८९ आला. निरोगी माणसात तो चारशेच्या वर असतो. ३०० च्या खाली आणि दोन्ही फुप्फुसं पाण्याने भरलेली असली की त्याला एआरडीएस म्हणतात, १०० किंवा त्याखाली गंभीर एआरडीएस. ही अवस्था १९६७ साली पहिल्यांदा बारा रुग्णांवरून वर्णिली गेली. पन्नास देशांतल्या आयसीयूंची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात गंभीर गटातले शंभरातले सुमारे ४६ रुग्ण रुग्णालयातच दगावले होते. ताईंच्या नवऱ्याला मी आकडा सांगितला नाही. “निम्मं-निम्मं आहे,” एवढंच म्हणाले. ते भिंतीला टेकून खाली बसले.

फुप्फुसात नेमकं काय झालं होतं

पुढचा सगळा निर्णय यावरच उभा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

माणसाच्या फुप्फुसांत सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. प्रत्येकाची भिंत इतकी पातळ, की एका बाजूची हवा आणि दुसऱ्या बाजूचं रक्त यांच्यात नावापुरतंच अंतर. भिंतीवर दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी चपट्या, पसरट, हवेच्या देवाणघेवाणीसाठी. दुसऱ्या प्रकारच्या गोलसर. त्या सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा द्रव तयार करतात, ज्यामुळे वायुकोश मिटत नाहीत. भिंत फाटली की याच दुसऱ्या प्रकारच्या पेशी वाढतात, पसरतात आणि पहिल्या प्रकारच्या होऊन भगदाड बुजवतात. थोडक्यात, फुप्फुसाच्या स्वतःच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, तिथेच बसलेल्या असतात.

न्यूमोकॉकस हा जिवाणू न्यूमोलायसिन नावाचं विष सोडतो, ते पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. त्यावर शरीर पांढऱ्या पेशींची फौज धाडतं, आणि ती फौज जिवाणूंबरोबर घराचीही तोडफोड करते. केशवाहिन्या गळायला लागतात, प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशात उतरतं, सर्फॅक्टंट वाहून जातं. प्रतिजैविकाने जिवाणू मेले तरी ही नासधूस आपोआप थांबत नाही. ताईंच्या रक्तात न्यूमोकॉकसच निघाला, आणि तो सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला बधणारा होता. औषध बरोबर होतं, तरीही फुप्फुसं बिघडत होती. “औषध लागू पडलंय म्हणता, मग बरी का होत नाही?” हा त्यांच्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त होता. स्टेम सेलवर संशोधन करणाऱ्यांनी जी पोकळी हेरली ती हीच: जिवाणू मारायला औषध आहे, पण फुटलेली भिंत लवकर बांधून देणारं औषध नाही.

दुसरा ते पाचवा दिवस

या दिवसांत आमच्याकडे जे होतं ते सगळं दिसायला साधं होतं. ताईंची उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. व्हेंटिलेटरचा श्वास उंचीवरून ठरवायचा असतो, कारण वजन वाढलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. हिशेब केला तर एका श्वासाला २७० मिलिलिटर, म्हणजे साधारण तीन कटिंग चहा. वजनावरून मोजलं असतं तर सव्वाचारशे झाले असते, आणि आधीच फुटलेल्या वायुकोशांवर तेवढा दाब रोज हजारो वेळा पडला असता. २००० सालच्या ८६१ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत मोठ्या श्वासाऐवजी लहान श्वास दिल्याने मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. यंत्राचं एक बटण फिरवण्याचा हा परिणाम.

दुसरं म्हणजे पालथं झोपवणं. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो आणि उताणं झोपल्यावर तोच दबून पाण्याने भरतो. फ्रान्स आणि स्पेनमधल्या २०१३ च्या चाचणीत रोज निदान सोळा तास पालथं ठेवलेल्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले होते. पाच जणं लागतात. एकजण डोक्याशी, नळी धरून, आणि मोजणी त्यानेच करायची. दोन सिस्टर एका बाजूला, वॉर्डबॉय आणि निवासी डॉक्टर दुसऱ्या बाजूला. कपाळाखाली, छातीखाली, गुडघ्याखाली जेलच्या उशा. पहिल्या वेळी मावशींनी ताईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र सोडवून औषधाच्या कागदी पाकिटात घातलं, वर पेनने नाव लिहिलं आणि बाहेर मुलीच्या हातात दिलं. मुलीला वाटलं आई गेली. तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली. तेव्हापासून दागिने काढायच्या आधी बाहेर जाऊन कारण सांगायचं, असा नियम आम्ही केला.

चार दिवस, चार वेळा पालथं. सोमवारी रेशो १७० झाला आणि आम्ही पालथं झोपवणं थांबवलं. सगळ्यांनाच जरा हायसं वाटलं.

सातवा दिवस

बुधवारी पहाटे ताई पुन्हा घसरल्या. ऑक्सिजन ७० टक्के, धमनीत दाब ६४, रेशो ९१. एक्स-रे आदल्या दिवसापेक्षा पांढरा. नेमके त्याच सकाळी थोरले भाऊ ते पत्रक घेऊन उभे राहिले. आदल्या दिवशीच ते राजापूरजवळच्या गावाहून आले होते. आयसीयूच्या बाहेरच्या बाकांवर कुणीतरी दुसऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाने नंबर दिला, फोन लावला, तासाभरात एक माणूस पत्रक घेऊन खाली चहाच्या टपरीवर हजर झाला होता.

मी पहिल्यांदा उभ्याउभ्याच “नाही, हे करता येणार नाही” म्हणाले आणि आत वळले. ती माझी चूक होती. भावाचा चेहरा पडला आणि मुलगी म्हणाली, “मॅडम, निदान वाचून तरी बघा.” तिचं बरोबर होतं. अकरा वाजता मी सगळ्यांना नातेवाइकांच्या खोलीत बसवलं आणि पत्रक पहिल्या ओळीपासून वाचलं.

पहिलीच ओळ होती: ‘स्टेम सेल उपचार रक्ताच्या कर्करोगात जगभर मान्य.’ हे खरं आहे. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, टाटा रुग्णालयात, १९८३ साली देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. पण तिथे वापरतात त्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी. पत्रकातल्या पेशी नाळेतून काढलेल्या, मेसेन्कायमल म्हणतात त्या. नाव एक, जात वेगळी. हापूसची कीर्ती सांगून रायवळ विकण्यासारखं आहे, असं मी म्हटलं, आणि कलमांच्या मालकाला ते लगेच कळलं.

मग भाऊ म्हणाले, “म्हणजे या पेशी खोट्या?”

खोट्या नाहीत, आणि हे सांगणं मला तितकंच महत्त्वाचं वाटलं. या पेशी फुप्फुसात जाऊन फुप्फुस बनतात हा समज मात्र चुकीचा आहे. शिरेतून दिल्या की त्या बहुतेक फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. तेवढ्या काळात त्या रसायनं सोडतात. काही रसायनं पांढऱ्या पेशींचा धिंगाणा कमी करतात, काही गळक्या वाहिन्या घट्ट करतात, काही वायुकोशातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींना वाढायला चेतवतात. एलएल-३७ नावाचं एक प्रथिन तर थेट जिवाणूंना मारतं. न्यूमोनिया केलेल्या उंदरांवर हे २०१० साली दाखवलं गेलं. २०१२ मध्ये असंही दिसलं, की या पेशी आपल्यातली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे कण, आजारी फुप्फुसपेशींना देऊ शकतात. ताईंचे वडील गिरणीत होते हे ठाऊक होतं म्हणून मी भावाला म्हटलं, या पेशी म्हणजे जॉबर. जॉबर स्वतः माग चालवत नाही, पण खात्यातलं काम सुरळीत चालतं ते त्याच्यामुळे. या पेशींना मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव १९९१ मध्ये देणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं, की ‘स्टेम’ हा शब्द काढा, त्यामुळे लोकांची दिशाभूल होते. नाव देणाऱ्यानेच ते मागे घ्यायला सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं.

उंदरांत आणि प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या मानवी फुप्फुसांत हे सगळं फार चांगलं दिसलं. माणसांत काय झालं, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत २०१५ मध्ये नऊ रुग्णांवर पहिली पायरी झाली. इजा झाली नाही. २०१९ मध्ये साठ रुग्णांवरची दुसरी प्रसिद्ध झाली: चाळिसांना पेशी, विसांना नुसतं द्रावण. २८ दिवसांत पेशी दिलेल्यांतले बारा गेले, म्हणजे ३० टक्के. न दिलेल्यांतले तीन, म्हणजे १५ टक्के. पेशी मिळालेला गट मुळातच जास्त आजारी होता आणि आकडे लहान, त्यामुळे पेशींनी माणसं मारली असं त्यातून निघत नाही. पण वाचवली असंही निघत नाही. त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. गोठवलेल्या पेशी वितळवून दिल्या तेव्हा त्यांतल्या जिवंत पेशींचं प्रमाण कुठे ३६ टक्के तर कुठे ८५ टक्के होतं. ही अवस्था उत्तम प्रयोगशाळांची, कडक देखरेखीखालची.

न्यूमोनियामुळे झालेल्या एआरडीएसवर जपानमध्ये तीस रुग्णांची चाचणी झाली. पेशी मिळालेले रुग्ण व्हेंटिलेटरशिवाय जास्त दिवस राहिले, पण तीस रुग्णांत तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. युरोपात आयसीयूतल्या जिवाणूजन्य न्यूमोनियावरच, चरबीतून काढलेल्या पेशी ८३ रुग्णांच्या चाचणीत तपासल्या गेल्या. धोका दिसला नाही, फायदा सिद्ध झाला नाही. कोविडच्या एआरडीएसवरची मोठी अमेरिकन चाचणी २२२ रुग्णांवर थांबवावी लागली, कारण पुढे नेऊनही फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती. मी हे सगळं अशाच क्रमाने सांगितलं, काहीही न लपवता. “म्हणजे अजून कुणालाच पक्कं माहीत नाही,” मुलगी म्हणाली. मी हो म्हटलं.

भावाचा पुढचा प्रश्न मात्र सगळ्यांत अवघड होता. “नाहीतरी ती जाणारच असेल, तर करून बघायला काय हरकत आहे?”

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला वेड्यात काढू नये. माझी सख्खी बहीण आत असती तर मीही विचारला असता. मी त्यांना पत्रक उलटून दाखवलं. एका डोसमध्ये किती पेशी, त्यांतल्या जिवंत किती, कुठल्या प्रयोगशाळेत वाढवल्या, जंतूंची तपासणी झाली का, बॅच नंबर काय, यांपैकी एक अक्षर नव्हतं. चाचण्यांमध्ये पेशी सुरक्षित ठरल्या त्या मोजलेल्या, तपासलेल्या. या पेशींच्या पृष्ठभागावर रक्त गोठवणारा घटक असतो. नीट न निवडलेल्या, न मोजलेल्या पेशी शिरेत सोडल्या तर फुप्फुसातच गुठळ्या होऊ शकतात. दूषित बाटली असेल तर आधीच जंतूंशी झुंजणाऱ्या बाईच्या रक्तात आपण आणखी जंतू सोडणार. हरकत होती ती ही.

मग त्यांच्या समोरच, स्पीकरवर, मी पत्रकावरच्या नंबरला फोन लावला. मी डॉक्टर आहे हे सांगितलं आणि एवढंच विचारलं, की चाचणीचा नोंदणी क्रमांक काय. पलीकडून अगदी अदबीने उत्तर आलं, “मॅडम, ही ट्रायल नाहीये, थेरपी आहे.”

त्या एका वाक्यात माझ्यासाठी प्रश्न संपला होता, पण का संपला ते कुटुंबाला सांगावं लागलं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा रुग्णावरचा वापर हा संशोधनच मानला जातो, आणि तो मंजूर चाचणीतच करता येतो. २०१९ च्या नियमांनी अशा पेशींपासून बनवलेलं उत्पादन ‘नवं औषध’ ठरतं. त्याला औषध नियंत्रकांची परवानगी, नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद लागते. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि कुणीही मोबाइलवर उघडून पाहू शकतं. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या पेशींचे पैसे घेत नाहीत, उलट इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं चाचणी करणाऱ्यांवर बंधनकारक असतं. म्हणजे चाचणी असती तर सहा लाख मागितले नसते. आणि चाचणी नसेल तर ते इंजेक्शन देताच येत नाही.

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग पत्रकाची घडी घालत म्हणाले, “मग आता तुम्ही काय करणार ते सांगा.” मला वाटतं, त्यांना खरं तर तेच विचारायचं होतं. हातावर हात धरून बसायला सांगितलं तर कुणीही पत्रकवाल्याकडेच जाईल.

सांगण्यासारखं माझ्याकडे होतं. पहाटेपासून निवासी डॉक्टर घसरण्याचं कारण शोधत होते. दाखल झाल्यापासून शरीरात गेलेलं पाणी आणि लघवीवाटे बाहेर पडलेलं पाणी यांचा ताळा मांडला, तर चार लिटरच्या वर पाणी आत साठलेलं निघालं. प्रतिजैविकं, इन्सुलिन, भूल, सगळी औषधं थोड्याथोड्या द्रावणातून जातात, आणि थेंबे थेंबे तळे साचलं होतं. छातीच्या सोनोग्राफीत पाणी दिसत होतं. उजवा खालचा भाग मात्र पाण्यापेक्षा वेगळा, मिटलेला वाटत होता. दुपारी दुर्बीण घातली तेव्हा त्या भागाकडे जाणाऱ्या श्वासनळीत बोटाच्या पेराएवढा घट्ट, चिकट कफाचा बोळा अडकलेला सापडला. तो ओढून काढला. लघवी वाढवणारं औषध पंपावर लावलं, नको असलेली द्रावणं बंद केली.

गुरुवारी संध्याकाळी ५० टक्के ऑक्सिजनवर दाब ८२, रेशो १६४. शुक्रवारी तो आणखी वर गेला.

या प्रकरणातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही. बुधवारी दुपारी, कफाचा बोळा काढला त्याच तासाला, कुणी येऊन ताईंच्या शिरेत पेशी सोडल्या असत्या, तर गुरुवारच्या संध्याकाळचं श्रेय कुणाला गेलं असतं? भावाने आयुष्यभर सांगितलं असतं, की सहा लाख गेले पण बहीण परत आली. मुलीने मनापासून फोटो दिला असता. पत्रकावरचा तो नववा फोटो झाला असता आणि त्यात कुणीही जाणूनबुजून खोटं बोललं नसतं. आधीच्या आठ जणांबद्दलही मला हेच वाटतं. एआरडीएसमध्ये निम्म्याहून अधिक माणसं पेशींशिवाय जगतात, आणि जगणाऱ्यांत वळण बहुतेकदा याच सुमाराला, पहिला आठवडा सरताना येतं. हताश होऊन पत्रकवाल्याला फोन करण्याची वेळही हीच असते. म्हणून तर चाचणीत काही जणांना नुसतं द्रावण द्यावं लागतं आणि कुणाला काय दिलं हे डॉक्टरांपासूनही झाकून ठेवावं लागतं. ताई बऱ्या झाल्या यावरून आमचे उपचार बरोबर होते असंही एकट्या त्यांच्यावरून म्हणता येत नाही; छोटा श्वास, पालथं झोपवणं, हायड्रोकॉर्टिसोन यांवर माझा विश्वास आहे तो शेकडो अनोळखी रुग्णांमुळे, ज्यांनी चाचणीत जायला होकार दिला.

नंतर

तेराव्या दिवशी नळी काढली. आवाज घोगरा होता, पहिला शब्द कळला नाही, दुसरा कळला: “डबे?” चोविसाव्या दिवशी घरी सोडलं. रुग्णालयाचं बरंचसं बिल केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत बसलं. त्यासाठी समाजसेवा विभागातल्या मॅडमनी तीन दिवस कागदपत्रांमागे धावाधाव केली, हे नोंदवायलाच हवं.

घरी जाताना त्या स्वतःहून उठून उभ्या राहू शकत नव्हत्या. मांड्यांचे स्नायू वाळले होते. एआरडीएसमधून वाचलेल्या रुग्णांच्या कॅनडातल्या अभ्यासात पाच वर्षांनंतर फुप्फुसांची क्षमता जवळजवळ पूर्ववत झालेली आढळली, पण अंगातली ताकद नाही. लोक फुप्फुसांची काळजी करत राहतात आणि पाय मागे राहतात. चाळीचा तिसरा मजला म्हणजे पंचावन्न पायऱ्या. पहिले दीड महिना ताई खाली उतरल्याच नाहीत. ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा घरी येणारी फिजिओथेरपिस्ट, केंद्रावर पोळ्या लाटायला ठेवलेली बाई, मुलीचं अर्धं राहिलेलं सत्र. भावाने बाग गहाण ठेवली नाही, पण काजूचे आलेले पैसे पाच महिने इकडे लावले. साधारण सव्वा लाख झाले, असं त्यांनी मला हिशेबाच्या वहीतून वाचून दाखवलं. सहा लाखांचं कर्ज डोक्यावर असतं तर हे पैसे कुठून आले असते?

सहाव्या महिन्यात सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे खाली थोड्या रेषा उरल्या होत्या, बाकी फुप्फुस स्वच्छ. रक्तात वायू पोहोचवण्याची क्षमता अपेक्षेच्या ६८ टक्के. एचबीएवनसी ७.१. त्याच भेटीत न्यूमोकॉकसची लस दिली. मधुमेह असताना ती आधीच मिळायला हवी होती. पायऱ्या चढताना मध्ये दोन थांबे घ्यावे लागतात. रोजच्या तीनशे पोळ्यांपैकी शंभर त्या स्वतः लाटतात, खुर्चीवर बसून.

गेल्या महिन्यात थोरल्या भावाचा गावाहून फोन आला. त्यांचा स्वतःचा गुडघा झिजलाय, आणि कुणीतरी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय. “मॅडम, मी लगेच नाही म्हणून सांगितलं. बरोबर केलं ना?” मला त्यांना थांबवावं लागलं. गुडघ्याच्या झिजेसाठी, ठरावीक टप्प्यावरच्या, भारतीय बनावटीच्या एका पेशी-उत्पादनाला औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये मान्यता दिली आहे. तेव्हा तिथे प्रश्न वेगळे विचारायचे: सुचवलेलं उत्पादन तेच आहे का, बाटलीवर बॅच नंबर आणि परवाना आहे का, आणि तुमचा गुडघा त्या टप्प्यात बसतो का. त्यांनी ते तिन्ही प्रश्न सावकाश, माझ्याकडून पुन्हा म्हणून घेत, लिहून घेतले. एक्स-रे घेऊन पुढच्या सोमवारी मुंबईला येतो म्हणाले.